कार्टमध्ये माल, पण ऑर्डर नाही: नागपुरातल्या एका किराणा ॲपची युजेबिलिटी टेस्ट

नागपुरातली एक कंपनी किराणा दुकानदारांना घाऊक माल पोचवते. गोदाम अमरावती रोडवर वाडीला, आणि गिऱ्हाईक म्हणजे महालापासून हुडकेश्वरपर्यंतची गल्लीतली दुकानं. पूर्वी सेल्समन वही घेऊन दुकानोदुकानी फिरायचा, मग कंपनीनं ॲप काढलं. दुकानदारांनी ते घेतलंही. रोज उघडायचे, माल कार्टमध्ये टाकायचे, आणि तिथंच सोडून द्यायचे. संध्याकाळी तोच माल सेल्समनला फोन करून मागवायचे.

कंपनीचा अंदाज होता की प्रश्न भावाचा आहे. इतवारीच्या घाऊक बाजारात, किराणा ओळीला, दोन रुपयांनी स्वस्त मिळतं, म्हणून दुकानदार फक्त भाव बघायला ॲप उघडतात. त्यावर उपाय म्हणून ॲपवरच्या ऑर्डरला वेगळी सूट देण्याची स्कीम जवळजवळ ठरली होती. कंपनीनं मला युजेबिलिटी टेस्टसाठी, म्हणजे वापरणारा माणूस ॲपमध्ये कुठे अडतो ते प्रत्यक्ष बघण्यासाठी, बोलावलं होतं. मला हा अंदाज पहिल्या बैठकीतच पटला नाही. तोच माल, त्याच कंपनीकडून, त्याच भावात फोनवर मागवला जात असेल तर अडचण भावात कशी असेल? अडचण ॲप उघडणं आणि ऑर्डर पक्की होणं यांच्या मधे कुठेतरी होती. ॲपच्या नोंदींवरून दुकानदार कुठल्या स्क्रीनवरून गेला ते कळत होतं. का गेला ते कळायला त्याच्याजवळ उभं राहणं भाग होतं.

कंपनीनं याआधी एक टेस्ट घेतली होती. ओळखीच्या दुकानदारांना ऑफिसात बोलावलं, एसीत बसवलं, चहा दिला, कंपनीचा फोन हातात दिला. सगळ्यांनी ऑर्डर पूर्ण केली. त्या अहवालावर विसंबून ॲप बाजारात गेलं होतं.

प्रश्न आणि माणसं

कंपनीला विचारायचं होतं, "ॲप लोकांना आवडतं का?" या प्रश्नासाठी मी टेस्ट घेत नाही. समोर बसलेला माणूस, विशेषतः कंपनीकडून उधारीवर माल उचलणारा माणूस, "चांगलं आहे" एवढंच म्हणणार. शेवटी प्रश्न असा ठरला: पहिली वस्तू कार्टमध्ये पडल्यापासून ऑर्डर पक्की होईपर्यंत दुकानदाराचा हात कुठे थांबतो, आणि थांबल्यावर तो काय करतो? आणखी एक गोष्ट आधीच ठरवून घेतली. सूट-स्कीम जाहीर करायची की नाही, ते टेस्टच्या उत्तरावरूनच ठरेल. ज्या टेस्टवर कुठलाच निर्णय अवलंबून नाही, ती घेऊन दुकानदाराचा वेळ खाण्यात अर्थ नाही.

माणसं निवडताना ओढाताण झाली. सेल्समननी आपापली "चांगली पार्टी" सुचवली. ती यादी बाजूला ठेवली. मानेवाडा, महाल, गोपालनगर, जरीपटका अशा वेगवेगळ्या भागांतली दुकानं घेतली आणि फोनवर आधी एकच गोष्ट नीट विचारली: मालाची ऑर्डर प्रत्यक्षात कोण देतं? ज्याच्या नावावर दुकान तोच ऑर्डर देतो असं नसतं. कुठे बाई दुकान चालवते आणि नोंदणी नवऱ्याच्या नावावर, कुठे वडील गल्ल्यावर आणि ॲप मुलाच्या फोनमध्ये. टेस्टला ऑर्डर देणारा हात हवा होता.

फोन दुकानदाराचा स्वतःचाच, ही अट मी शेवटपर्यंत सोडली नाही. तडा गेलेली काच, भरलेली मेमरी, कमी ठेवलेला ब्राइटनेस, हे सगळं टेस्टचा भाग आहे.

किती जण घ्यायचे यावर नेहमीचा वाद झाला. पाच जण पुरतात हे वाक्य या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या मुळाशी जेकब नील्सन आणि टॉम लँडॉअर या संशोधकांचं 1993 मधलं गणित आहे. एक माणूस सरासरी 31 टक्के अडचणी उघड करत असेल, तर पाच जणांत साधारण 85 टक्के उघड होतात. पण हे गणित त्या जागेत, त्या कामात, त्या लोकांकडून दिसू शकणाऱ्या अडचणींबद्दल बोलतं. जी अडचण ऑफिसात उद्भवतच नाही, ती तिथे पाच काय, पन्नास जण बसवले तरी दिसायची नाही. शिवाय वापरणाऱ्यांचे दोन वेगळे गट असतील तर प्रत्येक गटातून माणसं घ्यावी लागतात. म्हणून एका फेरीत थोडी दुकानं, मग दुरुस्ती, मग नव्या दुकानांत दुसरी फेरी, असं ठरवलं.

मानधनाचं पाकीट आम्ही टेस्ट सुरू व्हायच्या आधीच देत होतो. शेवटी दिलं तर ते कौतुकाचं बक्षीस वाटतं. सेल्समन दुकानाच्या आसपास नसेल याचीही काळजी घेतली, कारण उधारीची मुदत त्याच्या हातात असते आणि त्याच्यासमोर ॲपला कोण नावं ठेवणार?

काम कोणत्या शब्दांत द्यायचं

कंपनीनं दिलेल्या कच्च्या यादीत पहिलं काम असं होतं: "सर्चमध्ये जाऊन तूरडाळ शोधा, कार्टमध्ये टाका आणि चेकआउट करा." यात वाटच सांगून टाकली आहे. सर्च, कार्ट, चेकआउट हे बटणांवरचे शब्द. दुकानदार ते वाचून बटण जुळवतो आणि आपल्याला वाटतं त्याला ॲप समजलं.

आम्ही काम बदललं: "उद्या सकाळपर्यंत दुकानात काय काय यायला पाहिजे ते तुम्हाला माहीत आहे. तो माल मागवा." बस, एवढंच. नागपूरच्या दुकानदाराकडे कमी पडलेल्या मालाची चिठ्ठी तयारच असते. बिस्किटाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा, दोऱ्यानं खांबाला बांधलेला, त्यावर दिवसभर पेननं नोंदी. त्या पुठ्ठ्यावरचा खरा माल हेच टेस्टचं काम झालं. दुसरं काम होतं मागच्या खेपेला फुटका निघालेला माल परत करण्याचं, तिसरं उधारी किती बाकी आहे ते बघण्याचं.

खऱ्या मालाची ऑर्डर म्हणजे खरे पैसे, त्यामुळे ट्रायल खातं लागतं. यात एक बारकावा आहे. डेव्हलपरनी दिलेल्या ट्रायल खात्यात जुने भाव होते. गोपालनगरच्या एका दुकानात रंगीत तालीम घेतली, तेव्हा दुकानदारानं साखरेचा भाव पाहिला आणि हात मागे घेतला. "हा भाव कुठचा जी? या भावात देता तर पाच कट्टे आत्ताच टाका." त्यानंतर तो फक्त भावाबद्दल बोलत राहिला. किराण्यातल्या माणसाला चुकीचा भाव दिसला की बाकीची स्क्रीन दिसत नाही. मग त्या दिवशीचे खरे भाव असलेलं, पण ऑर्डर गोदामापर्यंत न जाणारं खातं तयार करून घेतलं आणि तेव्हाच खरी टेस्ट सुरू केली.

संमतीचं काम आम्ही बोलून करत होतो, मराठीत किंवा हिंदीत. स्क्रीन आणि हात एवढंच रेकॉर्ड होईल, चेहरा नाही. मधे बँकेचा मेसेज आला तर तो भाग पुसला जाईल. रेकॉर्डिंग कोण बघणार आणि कधी डिलीट होणार तेही सांगायचं. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहेच, पण कायदा नसता तरी हे सांगायलाच हवं होतं. दुकानदाराच्या फोनमध्ये त्याचा सगळा धंदा असतो.

दुकानात

पहिली फेरी मे महिन्यातली. नागपुरात त्या दिवसांत पारा 45 च्या आसपास असतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि बरीच दुकानं अर्धं शटर ओढून बसतात. कंपनीचा आग्रह होता की दुपारी दोन ते चारच्या निवांत वेळातच टेस्ट घ्यावी, म्हणजे व्यत्यय येणार नाही. मी काही भेटी दुपारी ठेवल्या आणि काही मुद्दाम संध्याकाळी, गिऱ्हाइकीच्या वेळी. ऑर्डर तर त्या दोन्ही वेळांना दिली जाते.

दुपारच्या भेटी ऑफिसातल्यासारख्याच सुरळीत गेल्या. कूलरच्या घरघरीत आवाज नीट येत नव्हता म्हणून कॉलर माइक लागला, एवढंच.

मानेवाड्याच्या दुकानात आम्ही संध्याकाळी पोचलो. दुकान एक काकू चालवतात. मी त्यांना सुरुवातीलाच सांगितलं, "काकू, ही ॲपची परीक्षा आहे, तुमची नाही. कुठे अडलं तर ते ॲपचं अडलं." त्यांनी पुठ्ठा समोर ठेवला आणि सुरुवात केली. पोह्यांचा कट्टा, शाम्पूच्या लड्या, अगरबत्ती. बोटं सराईत चालत होती. तेवढ्यात एक पोरगी आली, अर्धा किलो गूळ पाहिजे. काकूंनी फोन वजनकाट्याशेजारी उपडा ठेवला, ढेपेतला गूळ फोडला, तोलला, पुडी बांधली, सुटे मोजून दिले. तिच्यामागून एक जण दूध घ्यायला. मग यूपीआयचा स्पीकर बोलला पण रक्कम चुकली होती, त्यावर दोन वाक्यं. हात पुसून फोन उचलला तर स्क्रीन बंद. पॅटर्न काढला. ॲप पहिल्यापासून सुरू झालं, वर ऑफरचं चित्र फिरू लागलं, आणि कार्टवर शून्य.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी परत पोह्यांपासून सुरुवात केली. दुसऱ्या गिऱ्हाइकानंतर पुन्हा शून्य आलं तेव्हा त्यांनी फोन बाजूला सारला आणि पुठ्ठा जवळ ओढला. "राहू द्या. सांगते मी त्याले फोनवर."

"त्याले" म्हणजे सेल्समनला. कंपनीला जे कोडं पडलं होतं ते एवढं होतं.

दुकानदार एका बैठकीत ऑर्डर देतच नाही. गल्ल्यावरचा माणूस दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीत, दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत ऑर्डर भरतो. ॲप बनवणाऱ्यांनी मात्र असं धरलं होतं की माणूस ॲप उघडेल, यादी भरेल, पक्की करेल आणि मगच फोन खाली ठेवेल.

मोठ्यानं विचार करत काम करा, असं टेस्टमध्ये सांगायची पद्धत आहे. त्यामागे एरिक्सन आणि सायमन या संशोधकांचं 1980 च्या दशकातलं काम आहे आणि शांत खोलीत ती पद्धत फार उपयोगी पडते. दुकानात ती चालत नाही. समोर गिऱ्हाईक उभं असताना "आता मला उधारी बघायची आहे" असं कोण मोठ्यानं बोलेल? म्हणून दुकानात गप्प राहून बघायचं, आणि गर्दी ओसरली की स्क्रीनचं रेकॉर्डिंग दुकानदारालाच दाखवून "इथे थांबलात, तेव्हा मनात काय आलं?" असं विचारायचं. आणि मधे कोणी "हे दाबू का?" विचारलं, तर उत्तर द्यायचं नाही. "मी इथे नसतो तर काय केलं असतं?" असा उलट प्रश्न विचारून थांबायचं. ती शांतता जड जाते, पण ती भरून काढायची नाही.

जरीपटक्यातल्या दुकानात वेगळंच दिसलं. तिथलं बोलणं हिंदीत झालं. गल्ल्यावर वडील, आणि ॲपची नोंदणी मुलाच्या नंबरवर. थोडा वेळ ॲप वापरलं नाही की लॉगिन सुटायचं आणि नवा ओटीपी जायचा मुलाच्या फोनवर, जो तेव्हा कॉलेजात. वडिलांनी मुलाला फोन लावला, त्यानं उचलला नाही. ऑर्डर तिथंच राहिली.

महालातल्या दुकानाचं तोंड पश्चिमेला. संध्याकाळचं ऊन थेट गल्ल्यावर येतं. पांढऱ्यावर फिक्या राखाडी अक्षरांत लिहिलेला भाव वाचायला दुकानदार फोनवर हाताची सावली धरत होता. मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान 4.5 ला 1 एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, असावा असं वेब ॲक्सेसिबिलिटीचे मार्गदर्शक नियम सांगतात. ही राखाडी त्याच्या बरीच खाली होती. अधिक आणि उणे ही बटणं एकमेकांना चिकटलेली आणि बारीक. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात बोटानं दाबायची जागा 48 डीपी (डीपी हे स्क्रीनवरच्या आकाराचं माप) सांगितली आहे, इथे ती निम्मीही नसेल. गुळाचा चिकटपणा बोटांवर असताना त्या बटणांनी काय केलं ते रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आहे: एकाच्या जागी तीन पेट्या.

"आमच्या फोनवर तर राहतं"

पहिल्या फेरीला कंपनीतला एक डेव्हलपर टिपणं घ्यायला आमच्यासोबत होता. ही माझी नेहमीची अट असते. मानेवाड्याच्या दुकानात तो काकूंच्या फोनकडे बघत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. ऑफिसात आल्यावर बाकीचे म्हणाले, "आमच्या फोनवर तर कार्ट राहतं." ते खरंच होतं. त्यांच्या फोनना मेमरी भरपूर. कमी मेमरीच्या फोनवर दुसरं ॲप समोर आलं, फोटो-व्हिडिओनं फोन भरलेला असला, की अँड्रॉइड मागे पडलेली ॲप बंद करून जागा मोकळी करतं. हा बिघाड नाही, अँड्रॉइडचा रोजचा कारभार आहे. ॲपनं आपली माहिती फोनच्या साठवणीत लिहून ठेवायची असते. इथे कार्ट फक्त चालू मेमरीत होतं. ॲप बंद झालं की कार्ट गेलं.

त्या डेव्हलपरनं सगळ्यांसमोर स्वतःच्या फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये बॅकग्राउंड प्रोसेसची मर्यादा "एकही नको" वर ठेवली, तीन वस्तू टाकल्या, व्हॉट्सॲप उघडलं, परत आला. कार्ट रिकामं. ज्या प्रकाराला दुकानदाराची सवय समजलं जात होतं, तो ऑफिसातल्या टेबलावर मिनिटभरात घडवून दाखवता आला.

अहवाल लिहिण्याआधी मी बैठकीत रेकॉर्डिंगचे छोटे तुकडे दाखवले. मालकांनी विचारलं, "शंभरात किती गुण?" त्यांनी कुठेतरी एसयूएस, म्हणजे सिस्टिम युजेबिलिटी स्केलबद्दल वाचलं होतं. ही दहा विधानांची प्रश्नावली जॉन ब्रूक यांनी 1986 मध्ये तयार केली. आकडा शून्य ते शंभरमध्ये येतो, पण तो टक्का नसतो. 68 च्या आसपास सरासरी धरतात. मोठ्या गटावर, एका आवृत्तीची दुसरीशी तुलना करायला ती उत्तम. मूठभर दुकानदारांचा आकडा काढून भिंतीवर लावणं मला मान्य नव्हतं. शिवाय तिची एकाआड एक विधानं नकारार्थी आहेत, आणि गल्ल्यावर उभ्या माणसाला ती वाचायला लावली तर तो शेवटी सगळीकडे "हो" वर खूण करतो. त्याऐवजी मी प्रत्येक अडचणीला नील्सन यांची शून्य ते चार ही गंभीरतेची पट्टी लावली; चार म्हणजे सगळ्यांत गंभीर. किती जणांना अडलं, अडल्यावर किती नुकसान झालं, आणि दुसऱ्यांदा वापरताना माणूस त्यातून वाट काढतो की पुन्हा अडतो, या तीन गोष्टी बघून. कार्ट पुसलं जाणं आणि ओटीपी, दोन्हींना चार. फिकी अक्षरं आणि बारीक बटणं तीनवर. माल परतीचा फॉर्म लांबलचक होता, पण सगळ्यांनी कसाबसा भरला, त्याला दोन.

सूट-स्कीम त्याच बैठकीत मागे घेतली गेली.

दुरुस्ती, आणि त्यातून निघालेलं नवं

कार्ट साठवणं हे काम तसं छोटं होतं. मला जास्त मोलाचा वाटतो तो त्यानंतरचा निर्णय. पुठ्ठा दिवसभर भरत जातो, तर कार्टही दिवसभर उघडं का राहू नये? आता ॲप उघडलं की ऑफरच्या चित्राऐवजी आधी अर्धवट राहिलेली ऑर्डर समोर येते. रात्री गाडी भरायच्या वेळेपर्यंत दुकानदार त्यात भर घालू शकतो. एका दुकानाला दोन नंबर जोडता येतात, आणि ओळखीच्या फोनवर ओटीपी पुन्हा मागितला जात नाही. अक्षरं गडद झाली, बटणं मोठी आणि दूर.

दुसरी फेरी पावसाळ्यात, नव्या दुकानांत घेतली. या वेळी सगळ्या भेटी संध्याकाळच्या. व्यत्यय हा आता टेस्टच्या आराखड्याचाच भाग होता. गिऱ्हाईक आलं नाही तर आमच्यातलाच एक जण मधे फोन लावायचा. कार्ट टिकलं. हुडकेश्वरच्या एका दुकानदारानं तर पुठ्ठ्यावर लिहिणं मधेच थांबवलं आणि कमी पडलेली वस्तू थेट फोनमध्ये टाकली. आम्ही तसं सुचवलं नव्हतं.

पण त्याच दुकानात ऑर्डर पक्की करताना तो थबकला. सकाळी तेलाचा डबा टाकला तेव्हा एक भाव होता, संध्याकाळी एकूण रक्कम वेगळी. ॲपनं नवा भाव गुपचूप लावला होता. "सकाळी तर कमी होता न? काहून वाढला बे हा?" त्यानं डबा काढून टाकला, बाकी ऑर्डर पक्की केली आणि मग बराच वेळ जुनी बिलं उघडून भाव ताडून पाहत बसला. कार्ट घटकाभराचं होतं तेव्हा हा प्रश्न उद्भवायला वेळच मिळत नव्हता. दिवसभर उघडं राहू लागल्यावर तो समोर आला.

कंपनीपुढे दोन वाटा होत्या. कार्टमध्ये पडलेल्या मालाचा भाव त्या दिवसापुरता गोठवायचा आणि चढ-उतार स्वतः सोसायची, किंवा दोन्ही भाव शेजारी दाखवून दुकानदाराला ठरवू द्यायचं. माझं मत पहिल्या वाटेकडे होतं. फोनवर सेल्समन सकाळी बोललेला भाव संध्याकाळी बदलत नाही, आणि दुकानदार ॲपकडूनही तीच अपेक्षा ठेवतो. मालकांनी हिशोब मांडला आणि मधली वाट काढली: तेल आणि साखर सोडून बाकी मालाचा भाव गोठवायचा, आणि या दोन्हींना सकाळचा नि आत्ताचा असे दोन्ही भाव दाखवून विचारायचं. मला हे पूर्ण पटलेलं नाही, पण हा त्यांच्या खिशाचा निर्णय आहे.

दोन भाव दाखवणाऱ्या पट्टीचे दोन नमुने सध्या तयार आहेत. त्यांची टेस्ट तान्हा पोळा झाल्यावर, दिवाळीचा माल भरायला सुरुवात व्हायच्या आधी ठेवली आहे. दुकानं निवडताना या खेपेला फोनवर एक प्रश्न जास्तीचा विचारतो आहोत: तेल आणि साखर तुम्ही रोज मागवता की आठवड्यातून एकदा? रोज मागवणारे दुकानदार यादीत आधी घेतले आहेत.